पाठ बघून चालणारी घोडी

शम्सा नावाच्या त्या घोडीत खोट अशी एकच होती. एरवी तिला नाव ठेवायला जागा नव्हती. ती लाथ मारत नसे, चावत नसे, तंबूच्या फडफडीला बिचकत नसे, आणि पाठीवर दूतावासातली लठ्ठ गोरी बाई बसली आहे की सहा वर्षांचं पोर, याचं तिला काही सोयरसुतक नसे. फक्त तोंडापुढे जहूर चालत असेल तरच ती चालायची. जहूर थांबला की शम्सा थांबायची. एकदा जहूर घाईने झुडपाआड गेला, तर पाठीवरच्या पाहुण्याला घेऊन शम्साही झुडपाआड गेली. तो पाहुणा मोठ्या पोटाचा आणि मोठ्या मनाचा होता, म्हणून निभावलं.

जहूर मूळचा नेरळचा. त्याचे अब्बा माथेरानला दस्तुरी नाक्यावर दोन घोडी घेऊन उभे राहत. जहूर शाळेतून सुटला तो त्यांच्या शेजारीच उभा राहिला. माथेरानच्या घोडेवाल्याचं काम म्हणजे चालणं. गिऱ्हाईक वर, आपण खाली, लगाम हातात, आणि तांबड्या मातीतून एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटवर. घोड्यालाही त्याचीच सवय. मालकाची पाठ पुढे दिसली की त्याच्या जिवाला स्वस्थता. त्यात जहूरच्या अब्बांचा आणखी एक कडक कायदा होता, तो म्हणजे आपण घोड्यावर बसायचं नाही. बाकीचे घोडेवाले संध्याकाळी धंदा आटोपला की टांग टाकून दौडत घरी जात. जहूरनेही लहानपणी एकदा तसं केलं, आणि खाली उतरताच अब्बांच्या हातची जी थप्पड खाल्ली ती पन्नाशीतही त्याच्या गालाला आठवत होती. "हिच्या पाठीवर आपण जेवतो," अब्बा म्हणाले होते. "जेवायच्या ताटात कोण बसतं?" त्यानंतर जहूरचा उभा जन्म घोड्यांत गेला, पण घोड्यावर म्हणून तो कधी बसला नाही.

ओमानला आल्यावरही कोणी त्याला बस म्हटलं नाही. बरक्याजवळ अर्बाब हमूदचा, म्हणजे त्याच्या मालकाचा, तबेला होता. अर्बाब भला माणूस, हिशेबाला पक्का, आणि घोड्यांवर जीव असलेला. हिवाळा आला की दर गुरुवारी तो घोडी ट्रकमध्ये चढवून नखलच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी न्यायचा. तिथे वादीच्या कोरड्या पात्राकाठी, काटेरी समरच्या झाडांखाली तंबू पडत. दोन झाडांमध्ये जाड दोर ताणून त्याला घोडी ओळीने बांधत. निळ्या पिंपांतून पाणी, लसूणघासाच्या पेंढ्या, मूठभर खजूर. मस्कतचे पाहुणे आपापल्या गाड्या घेऊन येत, दोन दिवस घोड्यावरून वादी, फलज म्हणजे पाण्याचा जुना पाट, आणि पलीकडची खजुराची बाग हिंडत, आणि शुक्रवारी संध्याकाळी अवघडलेल्या मांड्या घेऊन परत जात. जहूर घोडी उतरवायचा, बांधायचा, खरारा करायचा, नाल बघायचा आणि लहान मुलं किंवा नवशिके असले की लगाम धरून पुढे चालायचा.

इतर घोडी बाहेरून शिकून आलेली होती. टाचेचा इशारा, लगामाचा ताण, सगळं त्यांना समजायचं. शम्सा मात्र या तबेल्यातच जन्मली. आई आठवड्यातच गेली, आणि बाटलीने दूध पाजून तिला वाढवली ती जहूरने. पुढे शिकवलीही त्यानेच, आणि शिकवली ती जशी त्याला येत होती तशी. अर्बाब त्या वर्षांत हृदयाच्या आजाराने घरीच असायचा. बरा होऊन तो परत यायला लागला तोवर अरबी रक्ताची ती घोडी अस्सल माथेरानची झाली होती. ती नवशिक्यांसाठीच ठेवलेली, आणि नवशिक्यापुढे माणूस चालणारच, त्यामुळे कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. जहूरच्या आलं होतं. पण आपल्याशिवाय एखादा जीव पाऊल टाकत नाही ही गोष्ट कोणाला वाईट वाटते? तो मनातून खूशच होता.

मग गुडघा गेला. वादीतल्या गोट्यांवरून इतकी वर्षं चालल्यावर तो जायचाच होता. नेरळहून बायको, खुदेजा, फोनवर म्हणाली, "बस झालं. आता घरी या." तिने सांगितलं की जहूर ऐकायचा, निदान शेवटी तरी. मार्चअखेर हंगाम संपला की कायमचं परतायचं ठरलं. त्याच्या जागी नुमान येणार होता. नुमान दापोलीकडचा, दोन मुलांचा बाप, आधी सहमला मासेमारीच्या बोटींवर होता आणि आता दोन वर्षांपासून तबेल्यात. कामाला वाघ, स्वभावाने गरीब. अर्बाबने त्याला म्हटलं, शम्साला जरा फिरवून आण.

नुमानने लगाम धरला आणि चालू लागला. लगाम ताणला गेला, नुमान थांबला आणि शम्सा होती तिथेच राहिली. त्याने चुचकारलं, खजूर दाखवला. शम्साने मान लांब करून खजूर खाल्ला आणि पाय जागेवरच ठेवले.

"चाचा, ही माझा कायेक ऐकत नाय," नुमान म्हणाला. "खजूर तेवढा खातंय."

दुसऱ्या दिवशी त्याने जहूरचा घामट सदरा अंगात घातला, जहूरसारखा डोक्याला पंचा गुंडाळला आणि किंचित लंगडतही चालून पाहिलं. शम्साने सदरा हुंगला, नुमानचं तोंड हुंगलं, आणि मान फिरवून तबेल्याच्या दाराकडे बघत बसली. दारात जहूर उभा होता. त्याला हसू आवरेना. अर्बाब मात्र हसला नाही. त्या दोन दिवसांत त्याला सगळी गोष्ट कळून चुकली होती.

"जहूर," तो आपल्या हिंदीत म्हणाला, "ये घोडी तुम्हारे साथ इंडिया जायेगा क्या?"

"नहीं, अर्बाब."

"तो फिर? हंगाम खलास होने तक अकेला चलना सीखेगा तो इदर रहेगा. नहीं तो सहमवाला ले जायेगा. उसके पास आदमी रस्सी पकड के आगे चलता है. उसको ऐसा ही घोडी मांगता."

अर्बाबचं चुकलं होतं असं म्हणता येणार नाही. न चालणारी घोडी पोसून तो काय करणार? सहमच्या किनाऱ्यावर सुट्टीला माणसं येत आणि तिथे दोरीने धरून घोडी फिरवत. काम तेच. पण जहूर एकदा त्या माणसाकडे घोडा पोचवायला गेला होता. तिथली घोडी त्याने पाहिली होती. खाऱ्या पाण्याने पोटावरच्या तंगाच्या पट्ट्याखालची कातडी सोललेली, त्यावर माश्या, आणि भर उन्हात खोगीर न उतरवता बांधलेली. परतीच्या वाटेवर त्याने ट्रक थांबवून तोंडावर पाणी मारून घेतलं होतं. आता शम्सा तिथे जाणार होती. त्यात ती जाणार ती कोणाच्या करणीने? त्याच्याच.

झालं, त्या दिवसापासून जहूर कामाला लागला. आधी तो लगाम सोडून चार हात पुढे चालला. शम्सा मागून आली. मग दहा हात, मग वीस. शम्सा आली. तो खडकामागे लपला. शम्साने खडक शोधून काढला. तो तबेल्यात बसून राहिला आणि नुमान खोगिरावर चढला, तेव्हा शम्सा जी उभी राहिली ती नुमानला खाली उतरून चहा प्यायची वेळ झाली तरी उभीच होती. डिसेंबर गेला, जानेवारी लागला.

जानेवारीतल्या एका गुरुवारी तळावर मंगला आणि तिची मुलगी रेवा आल्या. मंगला अल अमेरातला राहायची, एका शिपिंग कंपनीत कामाला होती, नवरा साइटवर असे. रेवा अकरा वर्षांची, मस्कतच्या इंडियन स्कूलमध्ये. तिचं मराठी अडखळत चाले, पण चाले. जहूरने रेवाला शम्सावर बसवलं, लगाम हातात घेतला आणि सवयीने जिभेने टकटक केलं. मंगला आपल्या घोड्यावरून वळून बघायला लागली.

"जहूरभाई, तुम्ही माथेरानचे का हो?"

"नेरळचा. कसं ओळखलं?"

"ह्या टकटकीवरून. लग्न झाल्यावर आम्ही गेलो होतो ना. दोन दिवस तो घोडेवाला माझ्या पुढे टकटक करत चालत होता. एका मिनिटासाठी म्हणून लगाम हातात देईना. मी घोड्यावर बसले असं मला अजून वाटत नाही, त्याच्या मागे फिरून आले असं वाटतं." एवढं बोलून ती हसली. जहूरही हसला, पण ते वाक्य काही त्याच्या डोक्यातून जाईना.

फलजापर्यंत गेल्यावर त्याचा गुडघा चांगलाच बोलायला लागला. तो दगडावर बसला. शम्सा त्याच्यासमोर येऊन थांबली. पाठीवरून रेवाने विचारलं, "अंकल, तुम्हाला पेन होतंय, तर तुम्ही का नाही बसत? घोड्यावर?"

"आम्ही बसत नाही, बेटा. आमच्या अब्बांनी सांगितलेलं."

"म्हणजे तुम्ही कधीच नाही बसले? नेव्हर?"

"नाही."

रेवाला हे फारच विचित्र वाटलं. पोहायला न येणारा कोळी बघावा तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पुढे वाकून शम्साची आयाळ विंचरत ती म्हणाली, "तिला पण रोड माहीत नाही. तिला फक्त तुमची बॅक... पाठ माहीत आहे."

लहान पोर बोलून गेलं. त्यात टोमणा नव्हता, पण जहूरला ते लागलं.

संध्याकाळी घोड्यांना पाणी दाखवून झाल्यावर तो गाडीजवळ, जिथे मोबाईलला रेंज यायची तिथे गेला आणि त्याने नेरळला फोन लावला. हकिगत सांगितली, रेवाचं बोलणं सांगितलं, आणि अब्बांच्या कायद्याचीही आठवण करून दिली, जसा काही खुदेजाला तो माहीतच नव्हता.

खुदेजाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अब्बा गेले तेव्हा त्यांची घोडी कुणाच्या मागं गेली?"

जहूरने मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्या पण मागं आली नाही. महिनाभर दस्तुरीवर नेऊन उभी करत होता तुम्ही. शेवटी कर्जतच्या वरातवाल्याला दिली. बँड आणि फटाके, आणि ती बिचारी. तुम्ही चार दिवस जेवला नव्हता, मी विसरले नाही." थोडं थांबून तिने जोडलं, "अब्बा माझेही सासरे होते. चांगले होते. पण ते चुकले नाहीत असं कुठं लिहिलंय?"

शेवटी 'बरं' म्हणून जहूरने फोन ठेवला. खुदेजाशी बोलताना त्याला हे नेहमीचंच होतं.

सकाळी पाहुणे तंबूबाहेर येऊन चहा घेत असताना त्याने शम्सावर खोगीर चढवलं, तंग आवळला, आणि तिला तळापासून जरा बाजूला, एका मोठ्या खडकापाशी नेलं. गुडघ्याने रिकिबीतून चढणं जमणार नव्हतं. तो खडकावर उभा राहिला. "अब्बा, माफ करा," असं तो पुटपुटला, आणि टांग टाकली.

बसल्यावर त्याची पहिली भावना शुद्ध भीतीची होती. घोड्यांत म्हातारा झालेला तो माणूस दोन्ही मुठींत आयाळ धरून पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकासारखा बसला होता. जमीन फारच खाली होती. आजवर शेकडो पाहुण्यांना त्याने "घाबरू नका, काही होत नाही" असं सांगितलं होतं. वर बसल्यावर काय काय होतं हे आता त्याला कळलं.

शम्साची अवस्था त्याहून वाईट. तिने पुढे पाहिलं. पाठ नव्हती. तिने डावीकडे मान वळवली आणि जहूरची चप्पल हुंगली. उजवीकडे वळवली, तिकडेही चप्पल होती. वास आहे, आवाज आहे, आणि माणूस कुठेच नाही. ती स्वतःभोवती एक गिरकी घेऊन त्याला शोधून आली. नुमान हातातला चहा विसरून बघत राहिला.

जहूरने जिभेने टकटक केलं. तिचे कान मागे वळले. पुन्हा केलं. "चल बेटा," तो म्हणाला, "मी हितंच हाय."

किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने एक पाऊल टाकलं आणि थांबली. पाऊल चुकलं का हे विचारावं तशी थांबली. जहूरने मानेवर थोपटलं. तिने दुसरं टाकलं.

त्या दिवशी ती झाडापासून झाडापर्यंत गेली, त्यापुढे नाही. पण पुढचे दीड-दोन महिने जहूर रोज सकाळी तिच्यावर बसला. बरक्याला तबेल्यामागच्या वाटेवर, आणि गुरुवार-शुक्रवारी वादीत. वाट तिच्या डोळ्यांपुढे मोकळी ठेवायची, मागून आवाज द्यायचा, आणि आवाज हळूहळू कमी करत न्यायचा. तो तिला शिकवत होता की स्वतः बसायला शिकत होता, ते सांगणं कठीण. दोनदा तो पडला. अर्बाबने एकदा लांबून पाहिलं आणि हसू लपवायला तोंड फिरवलं.

एक गोष्ट त्याला फार नवलाची वाटली. त्या वादीतून तो वर्षानुवर्षं चालला होता, आणि त्याला ठाऊक होते ते दगड. कुठला डुगडुगतो, कुठे नाल घसरतो, हे त्याला पाठ होतं. वरून पाहिलं तेव्हा खजुराच्या बागेमागचा डोंगर त्याला पहिल्यांदा नीट दिसला. लोक एवढ्या लांबून कशासाठी येतात, ते त्याला तेव्हा कळलं.

फेब्रुवारीच्या शेवटी शम्सा त्याला घेऊन फलजापर्यंत गेली आणि आली. मग त्याने नुमानला बसवलं आणि आपण बाजूने चालला. मग मागून चालला. मग तळावर थांबला. त्या दिवशी शम्सा अर्ध्या वाटेतून नुमानला घेऊन परत आली आणि जहूरसमोर उभी राहिली. सहमवाला पुढच्या आठवड्यात, शेवटच्या तळावर, येऊन घोडी बघून जाणार होता. जहूरने त्या रात्री धड जेवण केलं नाही.

हंगामाचा शेवटचा तळ मार्चमध्ये पडला. ऊन तापायला लागलं होतं, पाहुणे थोडे होते. मंगला आणि रेवा आल्या होत्या, कारण रेवाने आईच्या मागे लकडा लावला होता. अर्बाब स्वतः आला आणि घडीच्या खुर्चीवर समरच्या सावलीत बसला. त्याच्या शेजारी सहमचा माणूस होता, खजूर खात. त्याने शम्साचे दात बघितले, पाय बघितले आणि मान डोलावली. त्याला घोडी पसंत होती.

जहूरने दोरावरची गाठ सोडली आणि रेवाला वर बसवलं. लगाम तिच्या हातात दिला. माथेरानला कोणा गिऱ्हाइकाच्या हाती त्याने तो कधी दिला नव्हता.

"टकटक कसं करायचं, येतं ना?"

रेवाने करून दाखवलं. बरं जमलं होतं.

"आणि पाठीमागं बघायचं नाही. तू बघितलंस तर तीपण बघेल."

"ओके, अंकल."

नुमान आपल्या घोड्यावर बाजूला तयार होता, मंगला त्याच्या मागे. जहूर दोराजवळ आला आणि उभा राहिला. अर्बाबने हातातला कप खाली ठेवला.

रेवाने टकटक केलं. शम्साचे कान हलले. तिने मान वळवून जहूरकडे पाहिलं. जहूरने तोंड फिरवलं आणि डोंगराकडे बघायला लागला. पुन्हा टकटक झालं. मग गोट्यांवर टाप वाजली. एक, मग लगेच दुसरी, आणि मग चालीची सलग टापटाप, वादीच्या दिशेने.

"खलास," अर्बाबचा आवाज आला. "ये इदर रहेगा." आणि तो सहमवाल्याला अरबीत काहीतरी समजावून सांगू लागला. सहमवाल्याने खांदे उडवून आणखी एक खजूर घेतला.

तेव्हा जहूरने तोंड वळवलं. शम्सा नुमानच्या घोड्याच्याही पुढे निघाली होती. शेपटी हलवत, मान खाली सोडून, आरामात. पहिल्या वळणाशी ती मागे बघेल असं त्याला वाटलं. तिने पाहिलं नाही. दुसऱ्या वळणाशी तरी. तिथेही नाही. त्याला आनंद झाला, खरा आनंद, शम्सा वाचली होती. आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की डोळ्यांपुढचं दिसेना.

गोटा पायाखाली डुगडुगला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण चालतो आहोत. दोरापासून तो चांगला वीसेक पावलं पुढे आला होता, उजवा हात लगाम धरल्यासारखा खांद्याशी, आणि जीभ टाळूला लागलेली. शम्सा एकटी चालायला शिकली होती. जहूरला एकट्याने थांबणं कोणी शिकवलं नव्हतं.

तो वळला, लंगडत परत आला, आणि जिथे एरवी शम्साला बांधायचा तिथे रिकामा दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला. टापांचा आवाज फलजापलीकडे जाऊन पुरता बंद झाला, तरी त्याने दोर सोडला नाही.